४०७ची खबरबात: एअर सापडली, पॉवर स्टीअरिंग पुन्हा मागे

सापडलं एकदाचं: माझ्या जुन्या टाटा ४०७ ट्रकच्या डिझेलच्या लाइनमध्ये हवा (गॅरेजच्या भाषेत एअर) कुठून शिरते ते. मेन डिझेल पंप नाही, टाकीतून डिझेल ओढून त्याला देणारा फीड पंप नाही, फिल्टरचं हेड नाही, लाइन जोडणारे पोकळ बंजो बोल्टही नाहीत. गाडी एअर घेत होती ती टाकीच्या आतून. म्हणजे जिथे हात पोचत नाही, टॉर्च पोचत नाही आणि मिस्त्रीचा संशय तर त्याहून पोचत नाही, अशा जागेवरून.

मागच्या वेळी कामांची यादी लिहिली होती, ती आठवत असेल. पुढचे ब्रेक, किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), मग पॉवर स्टीअरिंग, आणि जमलंच तर टर्बो. त्यातले ब्रेक झाले, त्याबद्दल शेवटी दोन ओळी. बाकीची यादी या एअरने खाल्ली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: गाडी १९९६ची टाटा ४०७, इंजिन साधं ४९७ एसपी (चार सिलेंडर, ९७ मिलिमीटर बोअर, २,९५६ सीसी, टर्बो नाही), मायको कंपनीचा इनलाइन डिझेल पंप, मागे जोडचाकं, हौदा लाकडी. घरच्या उसाच्या आणि गुळाच्या कामातून निवृत्त झालेली, पण पासिंग अजून चालू ठेवलेलं.

लक्षणं तुम्हाला पाठ आहेत, तरी पुढचं नीट कळावं म्हणून एकदा मांडतो. रात्रभर उभी राहिली की सकाळी अर्ध्या सेल्फला चालू. अर्धा मिनिट झकास. मग आवाज बसायचा, पांढरा धूर, दोन आचके आणि बंद. मग फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, फीड पंपावरचा हाताने दाबायचा प्रायमर मारत बसा, आधी नुसता फेस येतो, फेस संपून डिझेलची अखंड धार लागली की स्क्रू आवळा. एवढं केलं की दिवसभर फारशी तक्रार नाही. फक्त कोकणातून परत येताना करूळ घाटात मधेच एक सिलेंडर काम करणं थांबवायचा, आणि गगनबावडा येईपर्यंत जीव टांगणीला.

या दुखण्यातली खरी पिडा ही की गळती दिसत नाही. आपल्या गाडीत टाकी खाली चेसिसला, पंप वर इंजिनाला. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते, फीड पंपाच्या पुढे फिल्टर आणि मेन पंपापर्यंतची दाबावर. दाबाच्या बाजूचा जॉइंट ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं, बोट ओलं होतं, चोर सापडतो. ओढीच्या बाजूचा तोच ढिला जॉइंट बाहेरची हवा आत घेतो आणि वरून कोरडा ठणठणीत दिसतो. गाडी उभी असताना तिथूनच हवा शिरते, लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं, आणि सकाळी फिल्टरमध्ये उरलेल्यावर इंजिन अर्धा मिनिट चालतं. त्या अर्ध्या मिनिटाचा हिशोब एवढाच.

सुरुवात स्वस्तातल्या गोष्टींपासून केली. सगळे बंजो उघडून वॉशर बदलायचे ठरवले. दुकानातून तांब्याचे म्हणून जे पाकीट मिळालं, त्यातले निम्मे वॉशर चुंबकाला जाऊन चिकटले. लोखंडावर तांब्याचा मुलामा! असला वॉशर कितीही आवळा, बसत नाही. जोर लावला तर बंजोचा आटा जातो. दुकानाचं नाव घेत नाही, पण खिशात छोटं चुंबक ठेवून खरेदीला जा, एवढं सांगेन. शेवटी जुनेच अस्सल तांब्याचे वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकले. तांबं असं तापवलं की मऊ पडतं आणि पुन्हा नव्यासारखं बसतं. फुकटातलं काम आणि बाजारच्या पाकिटापेक्षा सरस.

मग फीड पंपाचा किट टाकला. प्रायमरच्या दांड्याची ओ-रिंग काढली तर ती नखाने दाबली जाईना, बोटांत घेतल्यावर तुकडा पडला. जुन्या पंपांत हे आता सगळीकडे दिसतंय. २०२०च्या एप्रिलपासून पेट्रोल पंपावर बीएस-६चं डिझेल मिळतं, त्यात गंधक १० पीपीएमच्या आत. इंधन चांगलं झालं यात वाद नाही. पण जुन्या डिझेलमध्ये वर्षानुवर्षं फुगून बसलेली साधी नायट्राइल रबरं या नव्या डिझेलमध्ये आकसतात, आणि आधीच कडक झालेली असली तर फट पडते. किट घेताना व्हायटॉनच्या (डिझेलला टिकणाऱ्या रबराच्या) रिंगा मागा. पैसे जास्त जातात, पण पुन्हा उघडावं लागत नाही. परतीच्या लाइनचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही बदलला, कारण तो नीट बसत नसेल तर त्या वाटेनेही डिझेल उतरतं.

एवढं करून सकाळी तेच. दोन आचके, बंद.

तेव्हा फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा जोडला. (साधी पीव्हीसी डिझेलमध्ये काही दिवसांत कडक होते, तपासणीपुरती चालते, कायमची ठेवू नका.) रेस दिली आणि नळीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येताना दिसले. वाईट वाटायच्या ऐवजी आनंद झाला. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मेन पंप सगळे सुटले. दोष मागे, ओढीच्या बाजूला.

आता कॅनची गोष्ट. बहुतेक गॅरेजात डिझेलचा कॅन केबिनच्या टपाला टांगतात, त्यातून गाडी चालवतात, आणि चालली की म्हणतात लाइन बदला. आमच्या मिस्त्रींना विचारलं तर ते हसले.

"मालक, कॅन वर टांगल्यावर गाडी चालणारच की. डिझेल आपसूक खाली येतंय, हवा शिरणार कुठनं? रोग झाकला, बरा नाही झाला."

"मग?"

"कॅन वर टांगा, पण गाडी चालवू नका. लाइन टाकीपासनं सोडवून तिथनं जोडा आणि जेवून या. जिथं ओलं होईल तिथं भोक."

एवढी साधी युक्ती मी कुठल्याच मॅन्युअलात वाचली नव्हती. ओढीची लाइन उलट दाबावर आणायची, म्हणजे जिथून हवा आत यायची तिथूनच डिझेल बाहेर यायला हवं. लाइनभर पुठ्ठा अंथरला, जॉइंटांना खडूची पूड लावली (ओलं झालं की खडू लगेच काळवंडतो). संध्याकाळपर्यंत खडू पांढराच. मग कॅन जमिनीवर, टाकीच्या पातळीला ठेवला, जुनीच लाइन तशीच जोडली, रात्रभर उभी केली. सकाळी चालू झाली ती चालूच राहिली. लाइन निर्दोष. उरली फक्त टाकी.

इथे डिझेलची वही कामाला आली. कुठे किती भरलं, किलोमीटर किती, हे मी ॲव्हरेजसाठी लिहितो. शेजारी सकाळचा त्रासही पेन्सिलीने मांडत गेलो होतो. ते एकाखाली एक वाचल्यावर दिसलं की टाकी फुल केली की पुढच्या सकाळी त्रास नाही. काटा पाऊणच्या खाली आला की सुरू. यावर एक शंका निघू शकते: टाकी भरलेली असली की पातळी वर असते, ओढ कमी लागते, म्हणून कुठलीही बारीक गळती झाकली जाते. खरं आहे. पण लाइन आधीच निर्दोष ठरली होती. म्हणजे टाकीच्या आतली डिझेल ओढणारी नळी, आणि तिला वरच्या भागात भोक. टाकी भरली की भोक डिझेलखाली, हवेचा प्रश्न नाही. पातळी उतरली की भोक उघडं. वरच्या बाजूला चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यायला गेलं की काय होतं, ते आठवा.

टाकीच्या वरची प्लेट उघडायची तर हौद्याच्या आडव्या बीममुळे पाना फिरत नाही, म्हणून टाकीच उतरवली. पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते कापले. प्लेट काढली, नळी बाहेर आली. वरवर बघाल तर धडधाकट. प्लेटपासून चार बोटं खाली गंजाची एक बारीक खपली होती, तीळाएवढी. एक टोक बोटाने दाबलं, नळी बादलीत बुडवली आणि दुसऱ्या टोकाने फुंकलं. खपलीखालून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. तारेच्या ब्रशने घासल्यावर तिथे एक नव्हे, शेजारी-शेजारी दोन भोकं. जिथे डिझेलची पातळी नेहमी खालीवर होते आणि वर दमट हवा असते, नेमकी तीच जागा.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक, पितळी ब्रेझिंग मारून भोकं बंद करायची. दोन, नळीच नवी. खपलीच्या आसपास पत्रा इतका पातळ झाला होता की ब्रेझिंगची आच त्याला सोसली नसती. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका टर्नरकडे नेली. तो म्हणाला तांब्याची नळी टाकतो, वाकवायला सोपी, गंज नाही. नको म्हटलं. तांबं आणि जस्त दोन्ही डिझेल लवकर खराब करतात, चिकट राळ धरते. लाइनच्या वॉशरपुरतं ठीक, पण टाकीत कायम बुडालेली नळी तांब्याची नको, आणि गॅल्व्हनाइज्डही नको. स्टेनलेसची नळी आणली, जुन्या प्लेटवर चांदीच्या डागाने जोडून घेतली. खालचं टोक तिरकं कापलं आणि तळापासून बोटभर वर ठेवलं, तळाचं पाणी थेट ओढलं जाऊ नये म्हणून. कॉर्कचं नवं गॅस्केट स्वतः कापलं. बाजारातलं रबरी गॅस्केट डिझेलमध्ये फुगतं.

टाकी रिकामी केली तेव्हा तळाला पाणी आणि त्यावर काळा बुळबुळीत थर निघाला. हा नुसता गाळ नसतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, त्यांचा हा साका. आता टाकी धुऊन, वाळवून झाली आहे, आणि तळाला ड्रेन प्लगचा बॉस (प्लग बसायचं आट्याचं कडं) बसवून घेतला आहे. हे पूर्वीच्या यादीत नव्हतं. मला तर फीड पंपाआधी पाण्याचा सेपरेटर लावायचा होता, काचेचा वाडगा असलेला. पण आताच लिहिता-लिहिता वाटतंय, ओढीच्या बाजूला आणखी चार जॉइंट कशाला? ड्रेन प्लगमधून महिन्याला वाटीभर काढलं तरी पुरे. सेपरेटर रद्द.

इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसव, असं आपल्यातल्या दोघांनी सुचवलं होतं. तो बसवला असता तर सकाळचा त्रास बहुधा कमी झाला असता आणि भोक तसंच राहिलं असतं. तोही रद्द.

टाकी खाली असताना चेसिसची ती बाजू मोकळी दिसली आणि नवीन काम निघालं. मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या ब्रॅकेटमधला बुश (पिनेभोवतीचं नळकांडं) इतका खाल्लेला की टॉमी घालून उचलल्यावर पिन खटखट हलते. ब्रेक मारल्यावर गाडी शेपूट हलवते ती टायरमुळे, असं मी समजत होतो आणि ७.५०-१६च्या नव्या जोडीचे भाव विचारत फिरत होतो. टायर आता थांबतील. आधी चारी बुश आणि पिना, शॅकलसकट. म्हणजे नवी यादी अशी: पाट्यांचे बुश, किंगपिन, मग पासिंग, मग उरलंच काही तर पॉवर स्टीअरिंग. किंगपिन ढिलं ठेवून पॉवर स्टीअरिंग लावलं तर स्टीअरिंग हलकं होतं आणि चाकाचं डोलणं हातालाही कळत नाही.

टर्बोचं म्हणाल तर मन उतरलंय. नुसता टर्बो चढवून भागत नाही. पंपाचं डिझेल वाढवावं लागतं, एक्झॉस्ट तापतो, आणि साध्या एसपीचे पिस्टन आणि हेड गॅस्केट त्या हिशोबाचे नाहीत. कुणी पूर्ण ४९७ टीसी (टर्बोवालं) इंजिन रास्त भावात देत असेल तर बोलू. तोवर हे इंजिन आहे तसं छान आहे. एअर गेल्यावर तर आयडलिंग इतकं एकसारखं झालंय की डॅशबोर्डवरची आगपेटी जागची हलत नाही.

ब्रेकबद्दल: पुढचे व्हील सिलेंडर नवे, लायनर नवे, ड्रम लेथवर साफ. पहिल्या खेपेचे लायनर रिव्हेटच्या भोकापाशी तडकलेले निघाले, परत केले; दुकानदाराने कुरकुर करत बदलून दिले. घेताना खिडकीपाशी उजेडात धरून बघा. आता पेडल वर मिळतं आणि गाडी सरळ थांबते.

पुढच्या आठवड्यात पाटे खोलतोय. किंगपिनच्या बुशांना हाताने रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) मारणारा जुना कारागीर कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडे कुणाला माहीत असेल तर कळवा. लेथवर बोअर करून देणारे बरेच भेटले. मला दोन्ही बुशांतून एकाच लांब रीमरने एका रेषेत काढून देणारा हवाय.