तुम्ही विचारलंत म्हणून: मंग मागता काहून?

"देवाले सगळं आधीच ठाऊक असते, मंग तुम्ही मागता काहून?" शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि बाळ गेल्यापासून चर्चमधलेही वेगळ्या शब्दांत हेच विचारतात. दरवेळी टाळते. आज टाळत नाही.

ठाऊक असतं हे खरंच आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात, येशूच म्हणतो की तुम्ही मागण्याआधी तुमच्या पित्याला तुमची गरज माहीत असते, आणि लगेच पुढे 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' असं मागायलाही शिकवतो. मला यात कधी अडचण वाटली नव्हती, पण तेव्हा जीव तोडून काही मागायची वेळच आली नव्हती.

बाळ २७व्या आठवड्यात झालं. ९१० ग्रॅम. मे महिना, बाहेर नागपूरचं ऊन आणि आत काचेच्या पेटीत ते, पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. दर दोन तासांनी नळीतून १ मिली दूध. सकाळी सिस्टर वजन सांगायची आणि त्या आकड्यावर आम्ही दोघं दिवस काढायचो. ८८०. ८५५. सुरुवातीला उतरतंच, डॉक्टर म्हणाले. मग एक दिवस ८६५ आलं, मी जिन्यात बसून रडले. मी चमत्कार मागत नव्हते हो, खरंच नाही, उद्या २० ग्रॅम वाढू दे एवढंच म्हणत होते, रोजच्या भाकरीसारखं, आजचं आज. १२व्या दिवशी पहाटे फोन आला.

नंतर प्रार्थना सभेतल्या एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, विश्वास कमी पडला असेल. त्यांच्यावर रागावता येईना, कारण हेच मी सांगत फिरायचे. कॉलेजात असताना साक्ष दिली होती, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून विश्वासाबद्दल बोलले होते, की वेगवेगळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या एक व्हाव्यात म्हणून १९२९पासून बोलणी चालली होती, लोक प्रार्थना करत राहिले, आणि २९ नोव्हेंबर १९७०ला आपल्याच नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणजे बघा, विश्वासाने मागितलं की मिळतंच. त्या मुलीला आता सांगावंसं वाटतं, त्यांच्याकडे ४१ वर्षं होती गं. माझ्याकडे १२ दिवस होते.

तरी मागते. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने 'हा प्याला टळू दे', म्हणजे हे दुःख टळू दे, म्हटलंच ना, तीनदा प्रार्थना केली. आपण ते गिळून थेट 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' वर येतो, कारण ते चारचौघांत शोभतं. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिलाच. माझं मागणं कुठे गेलं ते मला कळलेलं नाही आणि कोणी समजवायला बसलं की मी उठून जाते. पण त्या दिवसांत मागितलं नसतं तर देवासमोर खोटं बोलून बसले असते, एवढं नक्की.

नणंदेला सातवा लागलाय. रोज रात्री तिच्यासाठी मागते, आकडा सांगून मागते. अडीच किलो.