रिझॉल्व्ड

पहाटे पावणेपाचला फोन वाजला तेव्हा डेटाबेस झोपलेला होता. पोस्टग्रेसच्या, म्हणजे त्या डेटाबेसच्या, लॉगमध्ये शेवटी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', डिस्क भरली. रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची जुळी प्रत, बंद करताना तिच्यासाठी बदल राखून ठेवणारा स्लॉट काढायचा राहिला, बदलांची नोंद असलेल्या वॉल फायली साठत गेल्या. असं होतं. डिस्कचा अलर्ट त्यासाठीच तर असतो.

आणि तो आला होता. रात्री १:५० ला, ८५ टक्के. ऑनकॉलवरचा, म्हणजे रात्रीच्या अलर्टला उठायची पाळी असलेला, पोरगा उठला, व्हीपीएनशी झटापट करेपर्यंत हिरवा मेसेज आला: रिझॉल्व्ड. तो झोपला. "सर, रिझॉल्व्ड आला होता हो," हे त्याने मला दिवसभरात चारदा ऐकवलं.

सर्व्हरवर नजर ठेवणारा आमचा प्रोमेथियस कोणावर नजर ठेवायची ते एका जेसन फायलीतून वाचतो. ती हाताने कोणी लिहीत नाही. रात्री २ वाजता सर्व्हरची कामं आपोआप करणारं अ‍ॅन्सिबल क्लाउडकडून सर्व्हर विचारून घेतं आणि टेम्प्लेटमधून फाइल पाडतं. फाइल बदलली की प्रोमेथियस आपणहून उचलतो, रीस्टार्टही नको. या मांडणीचा मला अभिमान होता, खरं तर अजूनही आहे.

त्या रात्री क्लाउडमध्ये शिरायच्या टोकनची मुदत संपलेली. इन्व्हेंटरीचा, म्हणजे सर्व्हरच्या यादीचा, एखादा स्रोत वाचता आला नाही तर अ‍ॅन्सिबल थांबत नाही. वॉर्निंग टाकतं आणि पुढे जातं. टेम्प्लेट डेटाबेसचा ग्रुप शोधायला गेलं, ग्रुपच नाही. इथे ते आपटायला हवं होतं. पण त्या ओळीच्या शेपटाला पाइप, डीफॉल्ट आणि रिकामा चौकोनी कंस लावलेला होता: ग्रुप नसेल तर रिकामी यादी घे. फाइल झाली, आत फक्त दोन कंस. जेसन म्हणून अगदी शुद्ध. लॉगमध्ये चेंज्ड १, फेल्ड ०. सतरा सर्व्हर नजरेआड झाले, मोजायला काही उरलं नाही, अलर्टची अट गळून पडली आणि अलर्टचे मेसेज पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरने इमानेइतबारे कळवलं, रिझॉल्व्ड. सर्व्हर पडल्याचा अलर्टही गप्प, कारण 'अप' (सर्व्हर चालू की बंद ते सांगणारा आकडा) शून्य व्हायला 'अप' असावं तर लागतं!

मॅनेजरसाहेबांना आरसीएमध्ये, म्हणजे मूळ कारणाच्या अहवालात, 'मानवी चूक' हवी होती आणि माणूस आयता सापडला होता. आमच्याकडे आरसीए असाच लिहितात, आधी नाव, मग कारण. मी गिट ब्लेम काढलं, कोणती ओळ कोणी लिहिली ते. कंस माझा. दोन वर्षांपूर्वीचा, कमिट मेसेज 'फिक्स नॉइझी एरर'. टेस्टच्या सेटअपमध्ये डेटाबेस नसायचा, प्लेबुक, म्हणजे कामांची स्क्रिप्ट, रोज लाल व्हायचं, वैतागून घातला. रिव्ह्यूत कोणी हूं की चूं केलं नाही.

डीफॉल्ट काढला. इन्व्हेंटरी वाचता आली नाही तर प्लेबुक तिथेच मरेल अशी सेटिंग केली. अख्खा जॉब, म्हणजे सर्व्हरचा पूर्ण गट, गायब झाला तर वाजणारा अ‍ॅबसेंटचा नियम घातला. सतरातले पाचच गेले तर तो वाजत नाही, म्हणून फाइल लिहिण्याआधी आता सर्व्हरची डोकीही मोजतो.

पोरगा मात्र प्रत्येक रिझॉल्व्डनंतर सर्व्हरवर शिरून डीएफ मारतो, डिस्क किती भरली ते स्वतः बघतो. परवा रात्री तीनला त्याचं लॉगिन दिसलं. 'झोप रे बाबा' असं टाइप केलं आणि खोडलं.