तुम्ही विचारलंत म्हणून: चेओ फेलिसियानो ऐकायचा कसा?

साल्सा तर नाचायचं संगीत. स्पॅनिश येत नसताना त्यातली संथ गाणी बसून कशी ऐकायची, आणि कोणाची? हे नेहमी विचारलं जातं.

आमचं उत्तर ठरलेलं आहे: चेओ फेलिसियानो (१९३५–२०१४), पुएर्तो रिकोतल्या पोन्सेचा. साल्साचे बरेच गायक चढ्या, किंचित नाकातल्या आवाजात गातात. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गदारोळातून शब्द वर यायला हवा ना! चेओचा गळा खालच्या पट्टीतला. १९५७पासून तो न्यूयॉर्कमध्ये ज्यो क्युबाच्या सेक्स्टेटमध्ये (सहा जणांच्या वाद्यवृंदात) गायला. तिथे ब्रास म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नव्हतेच, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) होता. ओरडायची गरजच पडली नाही.

सुरुवात बोलेरोपासून, म्हणजे संथ प्रेमगीतापासून करा: 'मी त्रिस्ते प्रोब्लेमा'. रचना तीते कुरेत आलोन्सोची (हा गृहस्थ नोकरीला पोस्टात होता!). पहिल्यांदा फक्त बास (खालचे सूर देणारं वाद्य) ऐका. बोलेरोत त्याचा साधा ठेका असा: चार मात्रांत पहिलीवर लांब सूर, मग तिसरी आणि चौथीवर एकेक. तो अंगात भिनला की गाण्याकडे या. बास पडून जातो आणि चेओचा शब्द जरा मागून येतो, तरी ओळ वेळेत पुरी होते. ठुमरी-गझल ऐकणाऱ्याला ही मजा सांगावी लागत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र बास गायब होतो, आणि मग हेच गाणं नुसतं रेंगाळल्यासारखं वाटतं. हेडफोन लावाच.

पुढे 'आनाकाओना'. १५०३ साली स्पॅनिशांनी फाशी दिलेल्या ताइनो (कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी) राणीवरचं गाणं, तेही कुरेतचंच. आधी बांधलेलं गाणं होतं, मग कोरस एकच ओळ धरतो आणि मधल्या जागा गायक आयत्या वेळी भरतो. इथे क्लावे, म्हणजे गाणं ज्यावर उभं असतं तो पाच ठोक्यांचा ठेका, कळायला हवा. १६ मात्रा मोजा. टाळी १, ४, ७, ११, १३वर. चूक हमखास चौथ्या टाळीला होते: तीन-तीनचं अंतर हाताला लागलेलं असतं, म्हणून ती १०वरच पडते. टाळ्या गाण्याशी भांडायला लागल्या तर नवव्या मात्रेपासून सुरुवात करून बघा. बऱ्याच गाण्यांत दोन टाळ्यांची बाजू आधी येते.

शब्दांचा अर्थ आधी एकदा वाचून घ्या आणि कागद बाजूला ठेवा. वाचत ऐकलं की डोळे पुढे पळतात, आणि चेओ शब्द मागे ठेवतो ते निसटतं. १९७२चा बोलेरोंचा अल्बम 'ला बोस सेन्सुआल दे चेओ' यानंतर.