लाकडी गिअर, नोंद तिसरी: दोऱ्यातून निघालेलं इन्व्होल्यूटचं समीकरण

मागच्या नोंदीतले २४ दातांचे प्लायवूडचे गिअर फिरतात, पण खडखडतात. दातांच्या बाजू मी कंपासच्या कमानींनी जुळवल्या होत्या, त्याचा हा परिणाम. या खेपेला खरा इन्व्होल्यूट, म्हणजे वर्तुळावरून ताठ उलगडत जाणाऱ्या दोऱ्याचं टोक काढतं तो वक्र, काढायचा ठरवलं. सूत्र कुठूनही उचलता आलं असतं, पण ते का तसं आहे हे कळल्याशिवाय करवत हातात घ्यायची नव्हती.

अमळनेरच्या घरी ओसरीत ११० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा फळीवर पक्का बसवला. त्याला दोरा गुंडाळला, टोकाच्या फासात पेन्सिल अडकवली आणि ताठ धरून उलगडत नेला. आईनं विचारलं, "हाई काय करी ऱ्हायना?" मी म्हटलं, खुंट्याला दावं गुंडाळलं गेलेला गोऱ्हा उलटा फिरायला लागला की कसा लांब लांब जातो, तेच कागदावर काढतोय. ती लगेच म्हणाली, "मग दावं ढिलं नको सोडू."

सगळी मांडणी त्या एका वाक्यात आहे. दोरा ताठ असला की तो पाइपाला स्पर्शिकेतच सुटतो, आणि सुटलेल्या दोऱ्याची लांबी मोकळ्या झालेल्या कमानीएवढीच असते. तिसरं काही लागत नाही.

पाइपाची त्रिज्या र (इथं ५५ मिलिमीटर), उलगडलेला कोन थ (रेडियनमध्येच, अंशात घेतला तर कमान र × थ होत नाही). दोरा जिथं पाइपाला सोडतो तो बिंदू (र कॉस थ, र साइन थ). तिथली स्पर्शिकेची दिशा (−साइन थ, कॉस थ). आता र × थ एवढं अंतर स्पर्शिकेवर जायचं, पण कुठल्या बाजूला? पहिल्या रात्री मी पुढच्या बाजूला गेलो आणि थ = ९० अंशाला (म्हणजे १.५७ रेडियनला) पेन्सिल क्ष = −८६.४ वर आली. कागदावर तर ती उजवीकडे होती. दोरा सुटण्याचा बिंदू पुढं सरकतो, पण दोऱ्याचं टोक मागं, जिथून उलगडायला सुरुवात झाली त्या बाजूला असतं. म्हणून वजा करायचं:

क्ष = र (कॉस थ + थ साइन थ)
य = र (साइन थ − थ कॉस थ)

आता ९० अंशाला क्ष = ८६.४, य = ५५. पट्टीनं मोजलं तर ८७ आणि ५५ भरलं. शिलाईचा दोरा ताणला की लांबतो, म्हणून नंतर मेण लावलेला जाड दोरा घेतला. पण त्याची स्वतःची जाडी त्रिज्येत भर घालते, हेही ध्यानात ठेवा.

अवकलन केलं, म्हणजे थ वाढताना क्ष आणि य कुठल्या दरानं बदलतात ते काढलं, तेव्हा मला खरा आनंद झाला. बाकीची पदं कटून उरतं फक्त र थ कॉस थ आणि र थ साइन थ. म्हणजे पेन्सिलीची चाल कायम दोऱ्याला काटकोनात, आणि रेषेची लांबी र थ² ÷ २. सुरुवातीला ती वर्तुळातून सरळ बाहेर उभी निघते. चुकलेल्या चिन्हाची रेषा वर्तुळाला चिकटून निघत होती. तेवढ्यावरूनही चूक पकडता आली असती.

डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं १६७३ च्या घड्याळावरच्या ग्रंथात उलगडणाऱ्या दोऱ्याच्या या वक्रांचा अभ्यास मांडला. गिअरच्या दाताला हाच आकार द्यावा हे पुढं गणितज्ञ ऑयलरनं सुचवलं. आपल्या लाकडी कामाला त्याचा मोठा फायदा असा की दोन गिअरच्या केंद्रांमधलं अंतर थोडं कमीजास्त झालं तरी वेगाचं गुणोत्तर बदलत नाही. पावसाळ्यात ज्यांची फळी फुगते, त्यांना हे सांगायला नको.

माझा गिअर मॉड्यूल ५ (पिच वर्तुळाचा व्यास भागिले दातांची संख्या), दाबकोन २० अंश (दात एकमेकांना ढकलतात ती दिशा किती तिरपी, ते). पिच वर्तुळ म्हणजे दोन गिअर जणू न घसरता ज्यांवर एकमेकांवर लोळतात ते, आणि बेस वर्तुळ म्हणजे ज्यावरून दोरा उलगडतो ते. पिच त्रिज्या ६०, म्हणून बेस त्रिज्या ६० × कॉस २० = ५६.३८. दाताचं टोक ६५ वर. केंद्रापासूनचं अंतर र √(१ + थ²), त्यावरून टोकाला थ फक्त ०.५७४. ओसरीत एवढा मोठा वळसा काढला, दाताला लागतो त्याचा पहिला ३३ अंशांचा तुकडा! बेस वर्तुळावर अर्ध्या दाताचा कोन ३.७५ (पिच वर्तुळावरचा अर्धा दात) + ०.८५ (बेसपासून पिच वर्तुळापर्यंत वक्र जेवढा वळतो तो) = ४.६० अंश, तेवढा फिरवून दुसरी बाजू आरशासारखी उलटवायची.

थ च्या ०.०५ च्या टप्प्यानं बिंदू काढून साचा १२ मिलिमीटरच्या प्लायला चिकटवलाय. पहिले चार दात कापून झालेत, कानस फिरवायची बाकी आहे.