३१ ऑक्टोबरला विटेनबेर्ग: दाराच्या गर्दीत काय चुकवू नये

विटेनबेर्ग हे जर्मनीतलं गाव. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने इथल्या राजवाड्याच्या चर्चच्या दारावर आपले ९५ मुद्दे हातोड्याने ठोकले, अशी गोष्ट सांगतात; त्याची आठवण म्हणून ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणा दिन. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट वाचा: 'लुथरश्टाट विटेनबेर्ग'. बर्लिन-हँबुर्ग मार्गावरचं 'विटेनबेर्गे' वेगळंच गाव आहे. एका मात्रेचा फरक, पण दिवस वाया जातो. बर्लिनहून आयसीई या वेगवान गाडीने साधारण ४० मिनिटं लागतात. रीजनल गाडी बरीच रेंगाळते, पण डॉइचलांड-तिकीट (देशभर चालणारा मासिक पास) तिच्यातच चालतं.

धर्मसुधारणा दिनाची सुट्टी बर्लिनला नसते, विटेनबेर्ग ज्या राज्यात आहे त्या झाक्सेन-आनहाल्टला असते. सुपरमार्केट बंद, म्हणून खाणं-पाणी बर्लिनहूनच घ्या. घड्याळ नुकतंच तासभर मागे गेलेलं असतं आणि सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा सकाळीच निघा.

हीच तारीख का? १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राटाच्या निवडीत मत असलेला राज्यकर्ता) फ्रेडरिक याने जमवलेले संतांचे हजारो अवशेष त्या दिवशी राजवाड्याच्या चर्चमध्ये मांडले जात आणि ते पाहणाऱ्याला पापाच्या शिक्षेत सूट मिळे. त्याच्या आदल्या दिवशी, १५१७ साली, मार्टिन ल्यूथरने पापमुक्तिपत्रांच्या, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या, विक्रीविरुद्ध आर्चबिशप आल्ब्रेश्टला पत्र धाडलं; सोबत ९५ मुद्दे. या पत्राची तारीख पक्की आहे. हातोड्याची गोष्ट तितकी पक्की नाही: ल्यूथरने स्वतः ती कुठे लिहिलेली नाही, त्याचा सहकारी मेलांख्टनने लिहिली तीही ल्यूथर गेल्यावर, १५४६ मध्ये. १६१७ ला शताब्दी झाली. दरवर्षी ३१ ऑक्टोबर पाळण्याचा हुकूम सॅक्सनीच्या इलेक्टरने १६६७ मध्ये काढला.

सगळे ज्या दारापुढे फोटो काढतात, ते दार तेव्हाचं नव्हेच. लाकडी दार १७६० मध्ये युद्धात जळालं. आजचं १८५८ चं, ब्राँझचं, मुद्दे लॅटिनमध्ये कोरलेले. आत व्यासपीठाजवळ ल्यूथरची कबर आहे, समोरच्या बाजूला मेलांख्टनची. इतकी साधी की नुसती मान वर करून चालणारा पुढे निघून जातो. उपासना चालू असताना पर्यटक म्हणून आत फिरता येत नाही. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवा, किंवा सरळ उपासनेलाच बसा. वेदीवर लाल वस्त्र दिसेल, तो पवित्र आत्म्याचा रंग.

वेळ कमी असेल तर दारापेक्षा बाजारचौकातलं सेंट मेरी चर्च गाठा. ल्यूथर नेहमी प्रवचन देई ते इथे. चित्रकार क्रानाखच्या वेदीचित्राची सर्वांत खालची पट्टी जवळ जाऊन पाहा: एका टोकाला व्यासपीठावर ल्यूथर, दुसऱ्या टोकाला गावकरी, मधल्या मोकळ्या जागेत क्रुसावरचा ख्रिस्त. ल्यूथरचं बोट त्याच्याकडे आहे.