मिशिगनचे खड्डे आणि दारातलं गॅरेज

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मार्चमधले डेट्रॉइटकडचे रस्ते दाखवले की त्यांचा जीव सुखावतो. अमेरिकेतही खड्डे! इथे दोष पावसाळ्याचा नाही, थंडीचा. भेगांत मुरलेलं पाणी रात्री गोठून साधारण ९ टक्के फुगतं, दिवसा वितळतं, आणि डांबर आतून पोखरत जातं. भरीला, मिशिगनमध्ये ११ अ‍ॅक्सलच्या (चाकं जोडणाऱ्या आसांच्या) ट्रकला १,६४,००० पौंडांपर्यंत, म्हणजे ७४ टनांपर्यंत मुभा आहे. अ‍ॅक्सल जास्त म्हणजे भार विभागला जातो, असं त्यावरचं सरकारी उत्तर.

आमच्या जुन्या टोयोटा सिएनाचे मागचे शॉकअप या रस्त्यांनी संपवले. गाडी खड्ड्यातून बाहेर आली तरी मागची बाजू डोलतच राहायची. शॉकअपच्या नळीत तेल असतं. दट्ट्या बारीक छिद्रांतून ते ढकलतो आणि स्प्रिंगची उसळी उष्णतेत जिरते. सील गेलं, तेल गळलं, की स्प्रिंगला आवरणारं कोणी उरत नाही.

पुण्यात मी गाडी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे सोडून चहा प्यायला गेलो असतो. इथे गॅरेजची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या पुढे, म्हणून वाहन उद्योगातून निवृत्त झालेले शेजारीसुद्धा स्वतःच गाडीखाली शिरतात. सुट्या भागांची दुकानं हत्यारंही वापरायला देतात. अनामत ठेवायची, हत्यार परत केलं की पैसे परत. मला अमेरिकेतली ही सोय फार आवडते.

मागचं काम घरी जमतं, कारण या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. पुढच्या चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावायचे, मागची बाजू सपाट काँक्रीटवर जॅकने उचलायची आणि स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे शेजारच्या काकांनी मला दरडावूनच सांगितलं. अ‍ॅक्सलखाली दुसरा जॅक हवा, नाहीतर शॉकअप सुटताच अ‍ॅक्सल खाली लोंबतो.

खरी कुस्ती खालच्या बोल्टशी. हिवाळाभर रस्त्यावर टाकलेलं मीठ तिथे गंज बनून बसतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, तरी पान्याला लांब पाइप लावून जोर करावा लागला. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदमच बदलायचे. शॉकअपच्या टोकांना असलेल्या रबरी बुशचे (कड्यांचे) बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

नवे शॉकअप मी मनरो कंपनीचे घेतले. ही कंपनी मूळची इथल्याच मनरो गावातली, १९१६ सालची. बाबांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग आपल्या चाकणच्या गॅब्रिएल शॉकअपने काय घोडं मारलं होतं?"

पुढच्या चाकांना मात्र स्ट्रट आहेत, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होऊ शकतो, आणि नंतर चाकांचं अलाइनमेंटही करावं लागतंच. त्यासाठी मी मुकाट्याने गॅरेजची तारीख घेतली आहे.