ब्लॉक : नोंद नाही

31 जुलै 2022, रविवार. रात्रपाळीला क्रीडा पान माझ्याकडे होतं. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल चालू, जेरेमी लालरिनुंगाचं वेटलिफ्टिंगमधलं गोल्ड आलेलं, आपल्या मुलींनी क्रिकेटमध्ये पाकिस्तानला हरवलेलं, त्यात अचिंत शेउलीचं लिफ्टिंग अजून व्हायचं म्हणून त्याची जागा अडवून ठेवलेली, म्हणजे पान गच्च. आणि दहा वाजून गेल्यावर बातमी आली की अमेरिकेचे बास्केटबॉलपटू बिल रसेल गेले. वय 88.

सर म्हणाले, "सिंगल कॉलम घे, शंभर शब्द बास." मला ते लागलंच. बोस्टन सेल्टिक्सकडून 13 सीझन खेळून 11 वेळा एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, जिंकलेला माणूस, त्यातल्या 1959 ते 1966 सलग आठ, अकरातल्या शेवटच्या दोन तर खेळाडू आणि कोच दोन्ही स्वतःच, एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय हेड कोच, हे सगळं शंभर शब्दांत कुठे कोंबू? मी हटून बसलो तेव्हा कुठे तीनशे शब्द आणि आकड्यांची एक चौकट पदरात पडली, ती पण साडेअकराला कॉपी देण्याच्या बोलीवर.

बातमी हाताला सुटली भराभर. 1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक गोल्ड, पाच वेळा एमव्हीपी म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, 1961 मध्ये लेक्सिंग्टनला हॉटेलात कृष्णवर्णीय खेळाडूंना खायला द्यायला नकार दिला तेव्हा सहकाऱ्यांना घेऊन मॅच न खेळता परत गेले ते. एक गोष्ट टाइप करताना मात्र हात थांबला माझा. ज्या बोस्टनला त्यांनी एवढ्या ट्रॉफ्या दिल्या त्याच्याच जवळच्या रेडिंग गावात त्यांच्या घरात लोक घुसले, भिंतीवर वंशद्वेषी शिव्या लिहिल्या, अंथरुणात घाण केली. हे वाचून राग येतो अजून. 1972 ला सेल्टिक्सने त्यांचा 6 नंबर रिटायर केला, म्हणजे तो जर्सी नंबर पुढे कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं, तेव्हा प्रेक्षक आत येण्याआधी, रिकाम्या बोस्टन गार्डनमध्ये, सेल्टिक्सच्या स्टेडियममध्ये, तो कार्यक्रम व्हावा असा त्यांचा हट्ट होता, तो का असेल हे मला त्या रात्री नीट कळलं.

अडलं ते चौकटीत. पॉइंट्स सरासरी 15.1, रिबाउंड्स (हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) 21,620, एका मॅचमध्ये जास्तीत जास्त 51. आणि ब्लॉक, म्हणजे समोरच्याने बास्केटकडे मारलेला बॉल हवेतच अडवणं? ज्यासाठी हा माणूस ओळखला जातो तोच आकडा नाही, कारण एनबीएने ब्लॉक मोजायला सुरुवात केली 1973-74 च्या सीझनपासून आणि रसेल रिटायर झाले 1969 ला. सर म्हणाले, "मग ती ओळच काढ ना." मी म्हटलं, "सर, ती काढली तर राहिलं काय?"

पान लावणारा पोरगा ऐकत होता, म्हणाला, "दादा, ब्लॉक म्हणजे काय एवढं?" मी प्रूफचा बोळा केला आणि म्हटलं, टाक माझ्या डोक्यावरून. पहिला मी जोरात फटकावला, तो लांब टेबलाखाली गेला. म्हटलं, बाकीचे असा मारायचे, दिसायला भारी पण बॉल बाहेर, म्हणजे परत समोरच्या टीमलाच. दुसरा मी डाव्या हाताच्या बोटांनी नुसता थोपटला आणि स्वतःच्याच बाजूला घेतला. रसेल डावखुरे, ते हे करायचे, बॉल कोर्टातच ठेवून आपल्याच माणसाकडे द्यायचे आणि तिथून टीममधले बॉब कूझी वगैरे मंडळी समोरचे सावरायच्या आत पळत सुटायची, म्हणजे त्यांचा डिफेन्स म्हणजेच सेल्टिक्सच्या अटॅकची सुरुवात. पोराने तो बोळा उचलून स्वतः दोनदा करून बघितलं.

मी चौकटीत ओळ ठेवली, 'ब्लॉक : नोंद नाही'. सरांनी प्रूफ वाचलं, त्या ओळीवर पेन थोडा वेळ धरलं आणि काही न खोडता सही केली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, शेउली उतरतोय, आणि सगळे टीव्हीकडे वळले.